इथाकेचा कारभार कुणाकडे? पेनेलोपीचं प्रकरण

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ओडिसी या महाकाव्यात, पहिल्याच सर्गात, एक आई जिना उतरून खाली येते आणि तिचा मुलगा तिला परत वर पाठवतो.

खाली मेजवानी चालू आहे. फेमियस नावाचा गायक ट्रॉयहून परतणाऱ्या ग्रीकांच्या हालअपेष्टा गातो आहे, आणि ते सूर माडीवर पेनेलोपीच्या कानावर पडतात. तिचा नवरा ओडिसियस वीस वर्षांपूर्वी त्याच ट्रॉयला गेला. युद्ध दहा वर्षं चाललं, ते संपूनही दहा वर्षं होत आली, तो परतलेला नाही. दोन दासींना बरोबर घेऊन ती खाली येते, खांबाशी उभी राहते, चेहऱ्यावर पदर ओढते आणि गायकाला सांगते की दुसरं काहीही गा, हे गाणं माझं काळीज कुरतडतं. त्यावर टेलेमेकस, नुकताच वयात आलेला तिचा एकुलता एक मुलगा, सगळ्यांसमोर म्हणतो: आई, तू वर जा, आपला माग आणि सूत बघ, दासींना कामाला लाव, बोलणं हा पुरुषांचा कारभार, सगळ्यांत आधी माझा, कारण या घरात सत्ता माझी आहे.

ती थक्क होते आणि वर जाते. भांडत नाही.

आता अठराव्या सर्गातले तिचे स्वतःचे शब्द बघा. नवरा युद्धावर निघाला तेव्हा त्याने तिचं उजवं मनगट धरून काय सांगितलं, ते ती ऐकवते: मी परत येईन की नाही, सांगता येत नाही, इथला सगळा कारभार तुझ्याकडे, माझ्या आईवडिलांना जप, आणि मुलाला दाढी फुटलेली दिसली की मनाला येईल त्याच्याशी लग्न कर, हे घर सोडून जा. मूळ ग्रीकमध्ये या दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे, 'मेलो'. एखादी गोष्ट कुणाच्या काळजीत, कुणाच्या जबाबदारीत असणं, असा त्याचा अर्थ. मी दोन्हीकडे 'कारभार' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नवरा म्हणतो सगळा कारभार तुझा. मुलगा म्हणतो बोलण्याचा कारभार पुरुषांचा. ओडिसीकडे आपण समुद्र, राक्षस आणि घरवापसीची गोष्ट म्हणून बघतो. पण इथाका बेटावरच्या त्या एका घरात जे चाललं आहे, त्याचा गाभा या दोन वाक्यांमधला वाद आहे.

परिस्थिती

घरात १०८ पुरुष येऊन बसले आहेत. सोळाव्या सर्गात टेलेमेकस त्यांची मोजदादच देतो: दुलिखियमचे ५२, सामेचे २४, झाकिंथसचे २० आणि खुद्द इथाकेचे १२. सगळे आसपासच्या बेटांवरच्या खानदानी घरांतले तरुण. रोज हिची गुरं कापतात, हिची दारू पितात, आणि आमच्यापैकी एकाला नवरा म्हणून निवड, तोवर आम्ही उठणार नाही, असं सांगतात. त्यांचे म्होरके दोन, अँटिनस आणि युरिमेकस.

पेनेलोपीची अडचण अशी की ती नेमकी कोण आहे हेच ठरलेलं नाही. नवरा जिवंत असेल तर ती सवाष्ण आहे आणि हे सगळे गुन्हेगार आहेत. नवरा मेला असेल तर ती विधवा, आणि मग तिने माहेरी जावं, बाप इकारियसने तिचं दुसरं लग्न लावून द्यावं, अशी रीत. अँटिनस भर सभेत टेलेमेकसला हेच सांगतो: आईला माहेरी पाठव. टेलेमेकस नकार देतो, पण त्याची कारणं ऐकण्यासारखी आहेत. मी तिला घालवलं तर इकारियसला भरपाई द्यावी लागेल, तिचे शाप लागतील, लोक नावं ठेवतील. तुला काय हवं आहे, असं तिला मात्र कुणीच विचारत नाही. ती सभासुद्धा ओडिसियस गेल्यापासून इथाकेत भरलेली पहिलीच.

बाजू घ्यायला वडीलधारं कुणी घरात उरलेलं नाही. सासू झुरून मेली. सासरा लेअर्टीझ शहर सोडून मळ्यावर राहतो. माहेरचेही लग्न कर म्हणून मागे लागलेले. म्हणजे हिच्याजवळ सैन्य नाही, सभेत आवाज नाही, आणि नवऱ्याने दिलेल्या अधिकाराचा साक्षीदारही नाही. तिच्या हातात एकच गोष्ट आहे. निवड तिने करायची आहे, आणि जोवर ती करत नाही तोवर १०८ जणांपैकी एकालाही दुसऱ्यावर कुरघोडी करता येत नाही. तिची सगळी ताकद या न दिलेल्या उत्तरात आहे. ती सगळ्यांना निरोप पाठवते, प्रत्येकाला आशा दाखवते, मनात मात्र वेगळंच, अशी अँटिनसची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. मला ती तिच्या कर्तबगारीची पावती वाटते.

कापड

मागाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. सासऱ्यासाठी कफन विणते आहे, ते पुरं झालं की लग्न करीन, तोवर थांबा, असं तिने सांगितलं. दिवसभर विणायची, रात्री मशालीच्या उजेडात उसवायची. तीन वर्षं हे चाललं, चौथ्या वर्षी एका दासीने फोडलं, त्यांनी तिला उसवताना पकडलं आणि कापड नाइलाजाने पुरं करावं लागलं.

या युक्तीतली समज फारशी कुणी उलगडून सांगत नाही. तिने निवडलेलं काम असं आहे की त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. एवढी दौलत कमावलेला म्हातारा कफनाविना गेला तर गावातल्या बायका मला बोल लावतील, असं ती म्हणते. म्हणजे ज्या लोकलाजेच्या जोरावर तिला घराबाहेर काढता आलं असतं, तीच लाज ती ढाल करून पुढे धरते. आणि ज्या मागाकडे जा म्हणून मुलगा तिला हुकूम करतो, तो बायकांचा म्हणून ठरवून दिलेला कोपरा हेच तिचं रणांगण होतं. तो माग उभा असायचा, ताण्याचे धागे खाली वजनं बांधून ताठ ठेवलेले, आणि विणणारी त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत विणायची. ग्रीकमध्ये त्याला 'हिस्तोस' म्हणतात, आणि जहाजाच्या डोलकाठीलाही तोच शब्द आहे. नवरा खलाशांना भुलवून मारणाऱ्या सायरन्सचं गाणं ऐकायला ज्या हिस्तोसला स्वतःला बांधून घेतो आणि बायको ज्या हिस्तोसपाशी तीन वर्षं काढते, ते दोन्ही एका शब्दात राहतात.

एकोणिसाव्या सर्गात ती स्वतः हे सांगते तेव्हा म्हणते: ते लग्नाची घाई करतात आणि मी कपट 'तोलुपेउओ'. हा शब्द कताईतला, पिंजलेली लोकर सुतासाठी वळून ठेवण्याचा. मराठीत याला नेमका शब्द आहे: ती कपटाचे पेळू वळते.

तीन वर्षं कुणाला दिसलं कसं नाही? पुरुषांना दिसलं नाही, कारण मागाकडे बघणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. बायकांना अर्थातच दिसलं. आणि इथे या प्रकरणातली सगळ्यांत अवघड बाजू सुरू होते. पेनेलोपीच्या घरात पन्नास दासी आहेत. त्या पगारी कामवाल्या नाहीत, गुलाम आहेत. तिचं गुपित त्यांच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि त्यांच्यातल्या काहींचं हित आता वेगळीकडे होतं. मेलांथो नावाच्या मुलीला पेनेलोपीने लेकीसारखं वाढवलं, खेळणी दिली. ती आता युरिमेकसबरोबर झोपते. गुपित कुणी फोडलं त्या दासीचं नाव कवी देत नाही. पेनेलोपी मात्र त्या सगळ्यांना 'कुत्र्या' म्हणते. स्वतःच्या बाबतीत दुसऱ्यांनी निर्णय घेऊ नये म्हणून झगडणारी ही बाई, ज्यांना निर्णयच नाही अशा बायकांच्या घराची मालकीण आहे. तिच्याविषयी मला वाटणारा आदर यामुळे कमी होत नाही, पण प्रकरण मांडताना ही नोंद गाळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

कापड संपल्यावर

कापड पुरं झालं आणि तिच्याजवळची वेळ संपली. शिवाय मुलाला दाढी फुटली, म्हणजे नवऱ्याने घातलेली मुदतही भरली. थांबावं तर मुलाची मालमत्ता रोज खाल्ली जाते, जावं तर सगळं सोडावं लागतं. त्यातच त्या मुलाला समुद्रात गाठून मारायचा बेत मागणी घालणाऱ्या या वरांनी केला. तो आपल्याला न सांगता बापाच्या शोधात गेला आहे, हेही तिला तेव्हाच कळतं. त्या रात्रीसाठी कवी जी उपमा वापरतो ती वाचून मी दर वेळी थबकतो: शिकाऱ्यांनी कपटाने कडं आवळलेलं असताना सिंह जसा भेदरून विचार करतो, तशी ती. होमरकडे सिंहाची उपमा बहुतेक वेळा लढणाऱ्या पुरुषांसाठी असते.

यानंतर ती दोनदा त्यांच्यासमोर येते. एकदा अँटिनसला तोंडावर सुनावते की तुझा बाप जीव वाचवायला याच घराच्या आश्रयाला आला होता, ओडिसियसने त्याला लोकांच्या हातून सोडवलं, आणि तू त्याचंच घर खातोस, त्याच्या बायकोला मागणी घालतोस, त्याच्या मुलाला मारायला निघतोस. दुसऱ्यांदा ती म्हणते की मागणी घालणारे आजवर भेटी आणत आले, तुम्ही उलट खाताय. तेवढ्यावर भेटी येतात: अँटिनसकडून बारा सोन्याच्या पिना लावलेलं वस्त्र, युरिमेकसकडून अंबर ओवलेली सोन्याची माळ, कुणाकडून कानातले डूल. भिकाऱ्याच्या वेशात परतलेला ओडिसियस कोपऱ्यातून हे बघतो आणि खूश होतो. नवऱ्याच्या निरोपाचे ते शब्द ती याच वेळी सांगते. ते शब्द खरे होते की तिने त्या घडीला रचले, याला तिच्याखेरीज साक्षीदार एकच, आणि तो गप्प बसून हसतो आहे.

धनुष्याचा निर्णय

त्या रात्री ती भिकाऱ्याला बोलावते. ओडिसियसला मी भेटलो होतो, असं तो म्हणतो. ती लगेच पारखते: अंगावर काय होतं? तो जांभळा झगा सांगतो, हरणाच्या पाडसाला पंजात धरलेल्या कुत्र्याची सोन्याची पिन सांगतो. ती रडते, कारण ती पिन तिने स्वतः लावली होती. मग ती त्याला स्वप्न सांगते. आपल्या अंगणात वीस हंस दाणे खात होते, डोंगरावरून गरुड आला, सगळ्यांच्या माना मोडल्या, आणि ती स्वप्नातच हंबरडा फोडून रडली. गरुड माणसाच्या आवाजात म्हणाला, मी तुझा नवरा, हंस म्हणजे ते वर. हंसांसाठी ती का रडली, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला त्यात गूढ दिसत नाही. इतकी वर्षं जे तिच्या हातात होतं, जे बघून तिला बरं वाटायचं, ते एका फटक्यात दुसऱ्याने संपवलं.

मग, कुणीही न विचारता, ती जाहीर करते: उद्या मी स्पर्धा लावते. ओडिसियसचं धनुष्य वाकवून जो बारा कुऱ्हाडींतून बाण पार करील त्याच्यामागे मी जाईन.

का? नवरा जवळ आला आहे अशी चिन्हं मिळत असताना, नेमकं आत्ताच का? भिकारी कोण हे तिने ओळखलं होतं का, हा प्रश्न इतका जुना आहे की पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात त्यावर वेळ घालवणाऱ्यांना टोकतो. १९५०मध्ये फिलिप हार्श या अभ्यासकाने ती ओळखते असा पक्ष नव्याने मांडला आणि चर्चा पुन्हा पेटली. आपल्याकडच्या वाचकाला इथे दमयंती आठवेल. तिनेही दुसऱ्या स्वयंवराची बातमी सोडली, एका दिवसात एवढं अंतर रथ हाकून येणारा नलच असणार म्हणून. पण दमयंतीला नलाचा माग लागलेला होता. पेनेलोपीच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. कथेत पुढे ती जे जे करते, त्यात नकळतेपण जागोजाग आहे.

माझं मत असं: तिने ओळखलेलं नव्हतं, आणि म्हणूनच तो निर्णय मोठा आहे. न निवडण्याची मुदत संपली होती. आता निवड होणारच, ती बापाने करायची, मुलाने करायची, की ज्याच्या भेटी मोठ्या त्याच्या पदरात पडायची, एवढाच प्रश्न उरला होता. तिने निकष स्वतः ठरवला, आणि तो असा ठरवला की त्याला उतरणारा माणूस ओडिसियसच्या तोडीचा असावा लागेल. कुणीच उतरला नाही तर तिला आणखी थोडा वेळ मिळेल, कुणी उतरला तर निदान नालायकाच्या घरी जावं लागणार नाही. भिकारी म्हणतो, बाई, आता उशीर लावू नका. त्याचा होकार तिच्या निर्णयानंतर येतो, हा क्रम लक्षात ठेवावा.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कोठाराची किल्ली घेते, कांस्याची, वाकडी, हस्तिदंती मुठीची. होमर म्हणतो तिने ती 'जाड हातात' घेतली. राणीचा हात जाड कसा, म्हणून भाषांतरकारांनी हा शब्द पुष्कळदा गुळगुळीत करून टाकला आहे. वीस वर्षं माग चालवणाऱ्या बाईचा हात आहे तो. कोठारात धनुष्य मांडीवर ठेवून ती मोठ्याने रडते, रडून झाल्यावर उठते आणि ते खाली घेऊन जाते.

वरांकडून धनुष्य वाकत नाही. भिकारी ते मागतो, अँटिनस त्याला धमकावतो, आणि पेनेलोपी मध्ये पडते. युरिमेकस म्हणतो, भिकाऱ्याला जमलं तर लोक आम्हाला काय म्हणतील? ती म्हणते, भल्या माणसाचं घर खाणाऱ्यांना तसंही नाव राहिलेलं नाही, मग याचीच लाज कशाला? अख्ख्या काव्यात वरांना इतकं नेमकं उत्तर कुणी दिलेलं नाही. आणि तिचं बोलणं संपताच टेलेमेकस तिला वर जा म्हणतो. शब्द पहिल्या सर्गातलेच. 'बोलणं' काढून 'धनुष्य' घातलं आहे, बाकी तसंच: धनुष्य हा पुरुषांचा कारभार, सगळ्यांत आधी माझा.

झोप

त्यानंतर जे घडतं ते ती झोपेत असताना. ओडिसियसची पाठराखी देवी अथीना तिला गाढ झोप देते. खाली १०८ जण मारले जातात. दाई युरिक्लिया तिला उठवायला निघते तेव्हा ओडिसियस म्हणतो, तिला आत्ता उठवू नकोस, आधी त्या दासींना बोलाव. पन्नासपैकी बारा जणींना आधी प्रेतं उचलायला आणि दिवाणखाना धुवायला लावतात, मग टेलेमेकस जहाजाच्या दोरावर त्यांना एका ओळीत फाशी देतो.

पहिल्या सर्गात आईला वर पाठवताना त्याने एक गोष्ट तिच्याकडे ठेवली होती: दासींना कामाला लाव. घराची ती बाजू तिची, असं तोही मानत होता. पण दासींचा निकाल लागला तेव्हा तिला विचारणं राहो, जागंही केलं नाही. तिने काय केलं असतं, हे कवी उघडं ठेवत नाही, कारण तो प्रश्नच येऊ देत नाही. या काव्यात मला सगळ्यांत जड जाणारी जागा हीच.

पलंग

दाई धावत येऊन सांगते, तो आलाय, त्याने सगळ्यांना मारलंय. पेनेलोपी विश्वास ठेवत नाही. खाली येते, समोरच्या भिंतीशी बसते आणि बघत राहते. मुलगा तिला दगडाच्या काळजाची म्हणतो. ती शांतपणे सांगते की हा खराच ओडिसियस असेल तर आम्हा दोघांनाच ठाऊक अशा खुणा आहेत. आजवर ज्याने ज्याने तिला घाई केली त्याला दिलेलं उत्तर तेच आहे: थांबा, मी ठरवीन.

मग ती सहज बोलल्यासारखं दाईला सांगते, त्याने स्वतः बांधलेला तो पलंग खोलीबाहेर काढ आणि त्यावर अंथरूण घाल.

ओडिसियस भडकतो. माझा पलंग कुणी हलवला? अंगणात जिवंत ऑलिव्हचं झाड होतं, मी त्याच्याभोवती खोली बांधली, शेंडा तोडला, बुंधा तासून पलंगाचा खूर केला. बुंधा कापल्याशिवाय तो हलणार नाही. सायक्लोप्स या एकडोळ्या राक्षसाला 'कुणी नाही' हे नाव सांगणारा, अथीनेशीही खोटं बोललेला, बायकोसमोर भिकारी बनून निर्विकार बसलेला हा माणूस एका वाक्यावर तोल गमावून बसतो. वीस वर्षांत, देवांसमोर की राक्षसांसमोर, त्याचा इतका नेमका नेम कुणी धरलेला नाही.

कापडाच्या युक्तीबद्दल ती स्वतः म्हणते की ती एका देवाने सुचवली, आणि धनुष्याच्या वेळी कवी म्हणतो की अथीनेने ते तिच्या मनात घातलं. होमरच्या जगात यात कमीपणा नाही. देव कर्तबगारालाच सुचवतात, ओडिसियसलाही सुचवतात. पण पलंगाच्या वेळी कवी कुठल्याही देवाचं नाव घेत नाही. तो एवढंच म्हणतो: नवऱ्याची परीक्षा घेत ती असं बोलली.

मग तिचे गुडघे ढिले पडतात, ती धावत जाते, आणि कवी उपमा देतो: जहाज फुटून पोहत पोहत, अंगाला मीठ चिकटलेल्या माणसांना जमीन दिसावी तसा तो तिला दिसला. समुद्रात बुडता बुडता वाचलेला माणूस तो होता. उपमा तिची आहे. इथाकेच्या घरात बसून तिने काढलेल्या वर्षांना कवीने समुद्राचं मोल दिलं. बायझेंटियमचा अॅरिस्टोफनीस आणि अॅरिस्टार्कस हे अलेक्झांड्रियातले पंडित, ती दोघं त्या जुन्या पलंगाकडे जातात त्या ओळीला ओडिसीचा शेवट मानत.

काव्य मात्र पुढे जातं. दुसऱ्या सकाळी ओडिसियस तिला म्हणतो: वर जा, दासींबरोबर बस, कुणाकडे बघू नकोस, कुणाला काही विचारू नकोस. यानंतर ती आपल्याला दिसत नाही.

चोविसाव्या सर्गात तिच्याबद्दल फक्त बोललं जातं, तेही मुख्यतः पाताळात. मारल्या गेलेल्या वरांपैकी अॅम्फिमेडन हा अगॅमेम्नॉनच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीकांच्या सरसेनापतीच्या, भुताला सगळी हकिगत सांगतो. कापडाची गोष्ट तो बरोबर सांगतो. धनुष्यापाशी आल्यावर म्हणतो: त्या कारस्थानी ओडिसियसने बायकोला हुकूम केला की धनुष्य आणि लोखंड वरांपुढे मांड. ते ऐकून अगॅमेम्नॉन पेनेलोपीचं कौतुक करतो: तिचं मन किती चांगलं, तिने नवऱ्याची आठवण किती नीट जपली, तिच्यावर देव गाणं रचतील. त्याला स्वतःच्या बायकोने मारलं होतं, त्यामुळे त्याचं लक्ष आठवणीवरच आहे. हुकुमाची गोष्ट तिथे कुणी खोडून काढत नाही.

एकोणिसाव्या सर्गातल्या त्या रात्री चुलीशेजारी ते बोलणं त्या दोघांतच झालं, आणि स्पर्धा आधी तिने जाहीर केली.